पातेऱ्यातला फेब्रुवारी

पहाटे ५.३०

फेब्रुवारी निम्मा सरला की दोडामार्ग तालुक्यातली माणसं उजाडायच्या आत घर सोडतात. काजूचा हंगाम असतो. रात्रीत झाडाखाली पडलेले बोंडू गोळा करायचे, बी पिळून वेगळी करायची आणि ऊन तापायच्या आत परतायचं, असा त्यांचा नेम. म्हणून मला त्यांच्याही आधी वाडीत पोचावं लागतं. सातनंतर गेलो तर दारात म्हातारी माणसं आणि लहान पोरं तेवढी भेटतात. आरोग्यसेवकाच्या कामाचे कागदावरचे तास वेगळे आहेत. डिसेंबर ते मे मी काजूवाल्यांचे तास पाळतो.

पिशवीत डीएमपी तेलाच्या बाटल्या असतात. या तेलानं गोचीड मरत नाही, ती अंगावर चढायची टळते. पावलांपासून मांडीपर्यंत, दोन्ही हातांना, मानेला, कानामागे लावायचं. घामानं ते उतरतं, म्हणून बाटली बागेत न्यायची आणि मधल्या वेळी पुन्हा हात फिरवायचा.

"काकी, त्याल लायलास?"

"लायलंय मां," म्हणत काकी पाय पुढे करतात.

"आणि मानेर? हाताक?"

काकी हसतात आणि ओंजळ पुढे धरतात. नवऱ्याचा जुना फुलशर्ट त्यांनी साडीवर चढवलाय, हे मात्र उत्तम. गमबूट दिलेत, ते अजून कोनाड्यात आहेत. बूट घालून उतारावर पाय घसरतो असं त्या म्हणतात, आणि बागेचा उतार मी पाहिलेला असल्यामुळे मला ते पटतं. बूट घालायचेच नसतील तर निदान बसायची जागा तरी बदला, एवढं सांगतो. बी पिळायला माणसं झाडाखालच्या पातेऱ्यात, वाळल्या पाचोळ्यातच फतकल मारून बसतात, तिथेच भाकरी सोडतात, तिथेच पाच मिनिटं पाठ टेकतात. उघड्या कातळावर बसा, बागेतल्या मांगराच्या ओट्यावर बसा. पातेऱ्यात नको.

२०१६ च्या सुरुवातीला या तालुक्यातल्या केर गावात गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले. त्याच्या आदल्या वर्षी सीमेपलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात सापडले होते. पुढच्या हंगामात सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात साथ आली. आजारी पडलेल्यांत काजूच्या बागेत राबणारी माणसं पुष्कळ होती. तिलारीच्या खोऱ्यात रानटी हत्ती उतरतात, तेव्हा गाव रात्रभर जागं असतं. गोचीड दिसत नाही. तिच्याबद्दल सावध राहायला रोज नव्यानं सांगावं लागतं, आणि ते बागेत जाण्याआधीच सांगून उपयोग.

सकाळी ७.३०

आशाताईंबरोबर घरोघरी तापाची पाहणी. ताप आहे का, कधीपासून, गेल्या दहा दिवसांत कुठे कुठे गेला होतात. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लोक "रानात नाय गेलंय" असं अगदी मनापासून सांगतात, कारण त्यांच्या लेखी काजूची बाग म्हणजे रान नव्हे. लाकूडफाटा, गोठ्यात अंथरायला पातेरा, तरव्याच्या भाजावळीसाठी पातेरा, गुरांमागे डोंगर, असं एकेक विचारलं की मग उत्तर मिळतं. आशाताई याच वाडीतल्या असल्यामुळे कोण कुणाच्या बागेत मजुरीला जातं हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्याशिवाय ही पाहणी म्हणजे नुसती वही भरणं.

सकाळी ९.००

एका घरात विशीतला मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपलेला. ताप परवापासून, एकाएकी थंडी वाजून आलेला.

"डोक्या फुटता, डॉक्टरानू. डोळे उघडूक जमणा नाय."

मी डॉक्टर नाही, पण इकडे शर्टाच्या खिशात थर्मामीटर असलेला प्रत्येक जण डॉक्टर असतो. त्याचे डोळे लाल आहेत, पोटऱ्या आणि कंबर दाबली की तो कळवळतो. उलटी एकदा झाली. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त? नाही. गेल्या आठवड्यात रोज काजूला. गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस लागतात, त्यामुळे हिशेब जुळतो.

जुळला म्हणजे माकडतापच असं नव्हे. लेप्टो, डेंगी, मलेरिया, स्क्रब टायफस, सगळे असेच सुरू होतात. म्हणून रक्त हवं. ताप येऊन किती दिवस झाले ते नमुन्याच्या फॉर्मवर अचूक लिहावं लागतं, कारण तपासणी त्यावरून ठरते. पहिल्या दिवसांत विषाणू रक्तात असतो, तेव्हा पीसीआरनं सापडतो. नंतर तो रक्तातून जातो आणि त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधावी लागतात. घरचे कधीकधी संकोचून दोन दिवस कमी सांगतात, आपण दुर्लक्ष केलं असं वाटू नये म्हणून. मी शेजारी बसून बाजाराच्या दिवसावरून, एसटी चुकल्याच्या दिवसावरून तारीख काढतो.

या तापावर विषाणू मारणारं खास औषध नाही. सलाईन, तापाच्या गोळ्या, प्लेटलेटवर लक्ष, रक्तस्राव झाला तर तो सावरणं, आणि हे सगळं वेळेवर करणं, एवढंच हातात आहे. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. अंगदुखीसाठी लोक मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणतात. त्यातल्या काहींनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून घरातली गोळ्यांची पट्टी मी मागून बघतो. मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. त्याच्या आईला एक गोष्ट दोनदा सांगितली: हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. त्याच्या उशाशी बसा, त्याला पेज भरवा.

सकाळी १०.३०

फोन. वरच्या बागेत माकाड मरान पडलाहा.

"हात लायलास?"

"नाय, लांबसून बघलंय."

"तसाच ऱ्हवांदेत. कुत्र्याक थंय जावक देव नको. आमी येतंव."

वनरक्षकाला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवून निघालो. मेलेलं माकड म्हणजे या रोगाचं सर्वांत जुनं निशाण. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि भोवतालच्या गावांत माणसं तापानं फणफणली, तेव्हा पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र जेमतेम पाच वर्षांचं होतं. माकडं मरतात आणि मागोमाग माणसं आजारी पडतात, हे दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराचं लक्षण. तो भारतात शिरला की काय, या धास्तीनं टेलफर्ड वर्क आणि हॅरल्ड ट्रॅपिडो हे संशोधक तिथे पोचले. सापडला तो वेगळाच विषाणू, रशियातल्या गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळातला. त्याआधी जगाला ठाऊक नसलेला. तेव्हा सुरू झालेलं काम पुण्यात आजही चालू आहे, आणि आमच्या वाडीतली रक्ताची बाटली जिथे पोचते ती राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणजे तेच केंद्र.

माकडताप हा पुष्कळ वर्षं शिमोग्यापुरता रोग मानला जायचा. पण १९८२ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी तालुक्यात काजू लावण्यासाठी जंगल तोडलं गेलं आणि त्यापाठोपाठ तिथे मोठी साथ आली. हे मला काजूच्या मुलखातल्या माणसानं विसरण्यासारखं वाटत नाही. पुढे २०१२ मध्ये बंदीपूर, मग केरळात वायनाड, तमिळनाडूत नीलगिरी, नंतर गोवा आणि आम्ही. सह्याद्रीच्या कण्यावर दोन्ही दिशांनी तो आढळत गेला.

बागेत पोचलो. तांबड्या तोंडाचं माकड, अंगावर जखम नाही. विजेच्या तारेचा धक्का नाही, कुत्र्यांनी फाडलेलं नाही, म्हणजे संशय घ्यायलाच हवा. पशुवैद्यक पूर्ण पोशाख चढवून नमुने घेतात, मग जागेवरच विल्हेवाट. आम्ही भोवतालच्या पातेऱ्यावर मॅलॅथिऑनची भुकटी धुरळतो. मालक विचारतात, माकड जाळलं, मग आता भुकटी कशाला?

कारण माकडानं आजारपणातले शेवटचे दिवस याच झाडांवर काढले. त्याच्या रक्तात विषाणू भरपूर होता आणि त्याला शेकडो गोचिडी चिकटलेल्या असू शकतात. रक्त पिऊन फुगली की गोचीड आपोआप सुटून खाली पडते. जनावर मेलं, अंग गार पडलं, की उरलेल्याही उतरतात. सगळ्या इथेच, या पातेऱ्यात. माकड नेलं तरी धोका जागेवरच राहतो. या तुकड्यातली बी यंदा वेचू नका असं मी मालकांना सांगतो. ते गप्प होतात. चार झाडांची बी सोडणं म्हणजे किती रुपये, ते त्यांनी मनात मोजलेलं असतं. ते माकडांवर चिडतात, सगळी धरून न्या म्हणतात. पण हा विषाणू त्या माकडालाही मारतोच की. त्याच्या मरणामुळे आपल्याला या बागेचा सुगावा लागला, आणि असा सुगावा कळवणारा शेतकरी मिळाला याचा मला फार आधार वाटतो.

दुपारी १२.००

तिथून थोडं खाली, बागेच्या आणि रानाच्या शिवेवर, पांढऱ्या फ्लॅनेलचं कापड जमिनीवरून सावकाश ओढायचं. दहा-बारा पावलं ओढलं की उलटून बघायचं. लोकरट कापडाला गोचिडी चिकटून येतात. कोऱ्या पांढऱ्यावर एखादा करडा ठिपका हलायला लागतो तेव्हा कळतं.

गायीच्या कानामागची फुगलेली, राखाडी गोचीड सगळ्यांनी पाहिलेली असते. ही तशी नसते. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीची ही मधली, निम्फ म्हटली जाणारी अवस्था तिळापेक्षा लहान भरते. पोटरीवर बसली तर मातीचा कण समजून माणूस तिच्यावरून हात फिरवतो आणि ती तिथेच राहते.

तिचं आयुष्य ऋतूंवर बेतलेलं आहे. पावसाळ्यात प्रौढ माद्या गाईगुरांवर आणि रानातल्या मोठ्या जनावरांवर पोट भरतात, खाली पडतात, पातेऱ्यात हजारो अंडी घालतात आणि मरतात. पाऊस सरता सरता अंड्यांतून सहा पायांची बारीक पिल्लं निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडं, जे जवळून जाईल त्याला धरतात. रक्त प्यालं की खाली उतरून कात टाकतात आणि आठ पायांची निम्फ होतात. हे होईतो डिसेंबर-जानेवारी आलेला असतो. निम्फला पुन्हा नवं जनावर हवं असतं, आणि माणसाच्या अंगावर चढायची ओढ सर्वांत जास्त असते ती याच अवस्थेला. म्हणजे आम्ही भाजावळीचा पातेरा ओढतो, लाकडं भरून ठेवतो, काजू वेचतो, तेच महिने तिच्या भुकेचे. तिनं आमचे महिने निवडलेले नाहीत आणि आम्ही तिचे. दोघेही पावसावर अवलंबून, म्हणून गाठ पडते.

एका आयुष्यात तीन वेळा तीन वेगळ्या जनावरांचं रक्त पिणं, हीच या गोचिडीची खोड आणि हाच विषाणूचा रस्ता. पिल्लू असताना आजारी माकडाला चावली, तर विषाणू कात टाकल्यावरही तिच्यात राहतो आणि पुढच्या चाव्यातून दुसऱ्याच्या रक्तात उतरतो. माणसापाशी मात्र हा रस्ता संपतो. आम्हाला चावून ती विषाणू पुढे नेत नाही. आम्ही वाटेत सापडतो आणि भोगतो.

एक निम्फ चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरली. या कुळातल्या गोचिडींना डोळे नसतात. पुढच्या पायांच्या जोडीवर एक बारीक खळगा असतो, त्यानं ती श्वासातला कर्बवायू, अंगाची ऊब आणि घामाचा वास ओळखते. ती उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या किंवा पानाच्या टोकाला पुढचे पाय पसरून थांबते. कुणी घासून गेलं की धरते. मग कातडी कापून उलट्या दातऱ्यांची सोंड आत रुतवते. लाळेतल्या द्रव्यांनी जागा बधिर होते, रक्त गोठत नाही, आणि लाळेबरोबरच विषाणू येतो. चावलेलं कळत का नाही, याचं उत्तर हे आहे. "माका खंयची गोचड चावली नाय" असं रुग्ण सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

सापडलेल्या गोचिडी ओलसर कापसाच्या नळ्यांत घालून, जागा आणि तारीख लिहून ठेवल्या. जात ओळखणं आणि विषाणू तपासणं प्रयोगशाळेचं काम. एखाद्या बागेतल्या गोचिडींत विषाणू निघाला, तर माणूस आजारी पडायच्या आधी आम्हाला त्या वाडीत उभं राहता येतं.

दुपारी २.००

जेवण. त्याआधी कपडे बाहेर झटकून मांडी, काख, कमरपट्टा, गुडघ्यामागची खोबण तपासली. हे रोजचं.

दुपारी ३.३०

गोठे. पशुधन पर्यवेक्षक बरोबर असले तर निम्मं काम सोपं होतं. गाईगुरांना माकडताप होत नाही, त्यांच्याकडून गोचिडीला विषाणूही मिळत नाही. पण पावसात डोंगराला चरणारी गुरं प्रौढ माद्यांना पोसतात आणि त्यांच्याच अंगावरून गोचिडी वाडीच्या शिवेपर्यंत येतात. म्हणून गुरांना गोचीडनाशक लावणं माणसांच्याही भल्याचं. गोठ्यात जंगलातला पातेरा अंथरू नका हेही इथेच सांगतो. त्याऐवजी काय अंथरायचं? भाताचा पेंढा गुरांना खायलाच पुरत नाही. ही अडचण खरी आहे. निदान पातेरा शेत-वाटेवरचा घ्या, माकडं मेलेल्या बागेकडचा नको, आणि उन्हात पसरून मगच आत आणा, असं आम्ही ठरवून सांगतो.

गोठ्यातल्या जाड गोचिडी बहुतेक वेगळ्या जातीच्या. त्या जन्मभर एकाच जनावरावर राहतात आणि गुरांना त्यांचा वेगळा ताप देतात. लघवी लाल होते, दूध आटतं, संकरित गाय चार दिवसांत कोसळते. आणखी एका जातीच्या, पायांवर पट्टे असलेल्या गोचिडींनी २०११ साली गुजरातेत अहमदाबादजवळ क्रायमियन-काँगो तापाचा भारतातला पहिला उद्रेक घडवला. त्यात रुग्णाची शुश्रूषा करणारेही मेले होते. प्रत्येक गोचिडीचा रोग निराळा, सवय निराळी. पण बोटांनी चिरडू नका, हे सगळ्यांना लागू. नखावर गोचीड फोडायची इथे पिढ्यांची सवय आहे, आणि फुटलेल्या गोचिडीतलं सगळं बोटाच्या भेगेत जातं. रॉकेल लावायचं नाही, विडीचा चटका द्यायचा नाही. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, साबणानं धुवायचं.

एका आजीनं विचारलं, दुधातून येता काय हो ताप? गाय-बकरीच्या दुधातून तो माणसाला झाल्याचा पुरावा नाही. आजींनी सुटकेचा श्वास सोडून चहा टाकला.

संध्याकाळी ६.००

पंधरवड्यापूर्वी पॉझिटिव्ह आलेल्या एका दादांच्या घरी. ताप उतरून आठवडा झालाय. अंगात ताकद नाही, पण सोमवारपासून बागेत जायचं म्हणतात. या घरी मी जास्त वेळ बसतो.

दहातल्या एक-दोन रुग्णांना हा ताप उतरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा गाठतो, आणि त्या वेळी तो मेंदूकडे जातो. भयंकर डोकेदुखी, मान ताठणं, हात थरथरणं, नजर अंधुक होणं, भ्रम. पहिला ताप सोसलेली माणसं दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात, अशक्तपणा म्हणून सोडून देतात.

त्यांचा भाऊ लशीचं विचारतो. कर्नाटकात बरीच वर्षं एक लस दिली जायची, इथेही तिच्याबद्दल बोललं जायचं. दोन मात्रा, मग बूस्टर, मग दर वर्षी. तरीही संरक्षण पुरेसं मिळत नव्हतं, आणि आता तिचा वापर थांबलाय. नव्या लशीवर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं काम चालू आहे. ती येईपर्यंत बाटलीतलं तेल, अंगभर कपडे, आणि बागेतून आल्यावर गरम पाण्याची आंघोळ. काढलेले कपडे घरात नेऊन पलंगावर टाकायचे नाहीत, थेट उकळत्या पाण्यात. भाऊ सध्या दादांच्या वाटणीची काजू वेचतोय. त्याच्या नावानं दोन बाटल्या लिहून दिल्या आणि कुठल्या कोपऱ्यात दादा बसायचे ते विचारून घेतलं. तो कोपरा भुकटीच्या यादीत घातला.

वहिनी म्हणाल्या, "रातीचो ताप इलो तर? सकाळपर्यंत थांबूक होया?"

थांबायचं नाही. १०८ ला फोन, मग मला, मग केंद्राला. ताप पुन्हा आला, बोलणं अडखळलं, नुसतं डोकं दुखतंय म्हणाले तरीही. गाडीत बसताना तपासणीचे कागद बरोबर घ्या, माकडताप होऊन गेलाय हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांचा वेळ वाचेल. वहिनींनी सगळं परत म्हणून दाखवलं. दादांना मार्च संपेपर्यंत बागेत पाठवणार नाही असं त्यांनी माझ्यासमोर त्यांना सांगितलं, आणि दादांनी मान हलवली.

रात्री ८.००

दिवसाचा अहवाल: तापाचे रुग्ण, रक्ताचे नमुने, मेलेलं माकड आणि त्याची जागा, गोचिडींच्या नळ्या. सकाळच्या मुलाची प्लेटलेट संख्या कमी आलीय, म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्याला उपजिल्हा रुग्णालयात हलवलंय. त्याच्याबरोबर एकाच बागेत कामाला असलेल्या सहा जणांची नावं आशाताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आहेत. त्यातला एक कर्नाटकातून आलेला मजूर, मांगरातच राहतो, घरोघरच्या पाहणीत तो कधीच सापडला नसता. उद्या पहिला त्याच्याकडे.